पायावर सूज आली की आधी पाय बघा, मग गोळ्यांची पिशवी बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आई ६१ वर्षांच्या, गावाकडे राहतात, सात-आठ महिन्यांपासून बीपीची गोळी चालू आहे, बीपी उतरत नाही म्हणून मध्ये डोस वाढवला, आणि गेले दोन महिने संध्याकाळ झाली की दोन्ही घोट्यांवर सूज, जोडवी बोटात रुततात, सकाळी उठल्यावर बरंच कमी असतं. शेजारचे म्हणाले किडनी गेली असेल. मग मेडिकलमधून लघवी होण्याची गोळी आणली, दोन-तीन दिवस हलकं वाटलं, सूज काही गेली नाही, आणि आता उठताना चक्कर येते, रात्री पोटऱ्यात गोळे येतात.

तर पहिलं काम चक्करेचं. ती लघवीची गोळी कुठल्याच डॉक्टरने लिहून दिलेली नाही, ती आजपासून बंद करा. उद्या सकाळी रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) करून घ्या, बीपी एकदा बसवून आणि एकदा उभं करून असं दोन वेळा मोजायला सांगा. बीपीची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही, ती बदलायची असेल तर डॉक्टर बदलतील. अशी सूज आणखी चार दिवस राहिली तर फारसं काही बिघडत नाही पण साठीतली बाई चक्कर येऊन न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं तर सगळ्या घराचं गणित बदलतं. असे पेशंट मी दर वर्षी बघतो.

मी पूर्व विदर्भात, धानाच्या पट्ट्यात, २६ वर्षं फिजिशियन म्हणून काम करतोय. ओपीडीत रोज तीन-चार जण तरी पाय पुढे करून बसतात, "डॉक्टर, सूज उतरायची गोळी द्या." सूज हा काही एक आजार नाही. ताप जसा मलेरियाचाही असतो आणि टायफॉइडचाही, तशी सूज हार्टची असते, किडनीची असते, शिरांची असते, इन्फेक्शनची असते, आणि कितीतरी वेळा आम्हीच दिलेल्या गोळीची असते. कुठून आली ते न शोधता पाणी काढायची गोळी दिली की दोन दिवस बरं वाटतं आणि खरा आजार मागे राहून जातो.

घरी बसून काय बघता येईल ते सांगतो. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठ्याने दाबा आणि मनात पंधरा आकडे मोजेपर्यंत दाबून ठेवा. घाई करू नका, लोक दोन सेकंद टोचतात आणि म्हणतात खड्डा पडत नाही. अंगठा काढल्यावर खड्डा राहिला तर आत पाणी साठलंय. अजिबात पडला नाही, कातडी जाड आणि घट्ट लागली, तर थायरॉइड किंवा हत्तीरोगासारखी रसवाहिन्यांची भानगड डोक्यात आणावी लागते. दोन्ही पायांत मिळून चांगला खड्डा पडेल इतकं पाणी साठायला आधी अंगात अडीच-तीन लिटर जास्तीचं पाणी जमलेलं असू शकतं, म्हणून ज्यांना हार्टचा त्रास आहे त्यांना मी रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करायला लावतो. तीन दिवसांत दोन किलो वाढलं की सूज दिसायची वाट न बघता फोन करायचा.

दुसरी गोष्ट, सूज एकाच पायावर आहे की दोन्हीवर. हा प्रश्न सगळ्यात मोठा. दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर कारण बहुतेक करून वर असतं, म्हणजे हृदय, किडनी, लिव्हर, रक्त, औषधं. एकच पाय सुजला तर कारण त्याच पायात शोधायचं, आणि एका पायाची अचानक आलेली सूज ही थांबायची गोष्ट नाही, तिच्याबद्दल पुढे लिहितो.

आता तुमच्या आईंकडे येतो. तुम्ही लिहिलंय की गोळीचं नाव ॲम्लो असं काहीतरी आहे. म्हणजे ॲम्लोडिपिन असणार. चांगली गोळी आहे, स्वस्त आहे, आपल्याकडे लाखो लोक घेतात आणि बीपी छान आटोक्यात ठेवते. पण ती बारीक धमन्या जितक्या सैल करते तितक्या शिरा सैल करत नाही, त्यामुळे केशवाहिन्यांत आत येणारं रक्त वाढतं आणि बाहेर जायची वाट तेवढीच राहते. नळ मोठा सोडला आणि मोरीचं तोंड तेच राहिलं तर पाणी न्हाणीत पसरणारच, तसं ते पाणी घोट्याभोवती झिरपतं. ५ मिलिग्रॅमला कमी जणांना होतं, १० ला केलं की प्रमाण बरंच वाढतं, बायकांमध्ये जास्त दिसतं, आणि दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी जास्त दिसतं. आईंची गोष्ट यात चपखल बसते. अंगात एकूण पाणी फार वाढलेलं नसतंच, ते फक्त चुकीच्या जागी झिरपलेलं असतं, म्हणूनच लघवीच्या गोळीने ही सूज नीट उतरत नाही, उलट रक्तातलं पाणी आणि क्षार कमी होतात आणि माणूस गरगरतो.

हे मला सुरुवातीला नीट उमगलं नव्हतं हे कबूल करायला हवं. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक निवृत्त शिक्षिका यायच्या, त्यांना मीच ॲम्लोडिपिन १० केलं, पाय सुजले म्हणून मीच फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवी होण्याची गोळी, दिली, पोटॅशियम उतरलं म्हणून पोटॅशियमचं सिरप दिलं, सिरपने पोटात जळजळ म्हणून ॲसिडिटीची गोळी दिली. एका गोळीच्या त्रासावर आणखी तीन औषधं, आणि बाई दर महिन्याला आणखी थकलेल्या. शेवटी त्यांच्या मुलीने सगळ्या स्ट्रिपा टेबलावर ओळीने मांडल्या आणि विचारलं, सर यातली पहिली कुठली सुरू झाली होती? त्या दिवसापासून मी सूज आलेल्या प्रत्येक पेशंटला औषधांची अख्खी पिशवी आणायला सांगतो, कागद नको, पिशवीच. त्यांची गोळी बदलली आणि दोन आठवड्यांत चपला पुन्हा पायात जायला लागल्या.

यावर उपाय सोपे आहेत पण ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचे. डोस परत ५ वर आणणं, सोबत टेल्मिसार्टनसारखी बीपीची दुसरी गोळी जोडणं, किंवा ॲम्लोडिपिनच्याच जातीच्या सिल्निडिपिनवर जाणं, ज्यात सूज कमी येते. किडनीचा रिपोर्ट बघून यातलं काय ते ठरतं.

पिशवीत आणखी काय काय सापडतं? गुडघ्यासाठी रोज घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी, ही मीठ-पाणी धरून ठेवते, किडनीवर ताण आणते आणि बीपीही चढवते. शुगरची पायोग्लिटाझोन. नसांच्या झिणझिण्यांसाठी दिलेली प्रीगॅबालिन. स्टेरॉइड. आणि सगळ्यात जास्त काळजी मला वाटते ती बिननावाच्या पुडीची. सांधेदुखीवर बाजारात, यात्रेत, कुणा वैदूकडून पुड्या मिळतात, "शंभर टक्के जडीबुटी" म्हणून, दोन दिवसांत दुखणं गायब, भूक वाढते, आणि तीन महिन्यांनी चेहरा गोल, पाय सुजलेले, शुगर तीनशे. अशा कित्येक पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. आणि महत्त्वाचं म्हणजे असं लक्षात आलं तर पुडी एकदम बंदही करू नका, महिनोन्महिने स्टेरॉइड घेतलेलं शरीर ते अचानक बंद झालं तर कोसळू शकतं, डॉक्टरांना पुडी दाखवा, ते हळूहळू उतरवतील.

गोळी हेच कारण असणार असं मला वाटत असलं तरी न तपासता शिक्का मारायचा नाही, कारण साठीत एकाच वेळी दोन कारणं असू शकतात. शेजाऱ्यांनी किडनीचं नाव घेतलं तर त्याचं उत्तर सगळ्यात स्वस्त तपासणीत मिळतं, साधी लघवीची तपासणी. लघवीतून प्रोटीन जातंय का बघायचं. किडनीच्या सुजेत बहुतेकदा सकाळी डोळ्यांखाली फुगतं, तोंड सुजल्यासारखं दिसतं आणि लघवीला फेस येतो जो पाणी ओतलं तरी लगेच जात नाही. हार्टची सूज असेल तर तिच्यासोबत दम असतो, जिना चढताना थांबावं लागतं, रात्री सपाट झोपलं की गुदमरतं, एका उशीच्या दोन उश्या आणि दोनाच्या तीन होतात, मध्यरात्री उठून खिडकीशी बसावं लागतं. ही उश्यांची चौकशी मी प्रत्येकाला करतो, कारण "दम लागतो का" विचारलं की लोक नाही म्हणतात, "किती उश्या घेता" विचारलं की खरं उत्तर येतं. लिव्हरच्या आजारात पोटात पाणी आधी किंवा सोबत भरतं, हातपाय काटकी आणि पोट मोठं असं दिसतं, दारूची किंवा जुन्या काविळीची गोष्ट निघते. रक्त फार कमी झालं, हिमोग्लोबिन पाच-सहावर आलं, तरी पाय सुजतात, आपल्याकडच्या शेतमजूर बायकांमध्ये हे भरपूर दिसतं आणि चटकन सुधारतं.

यातलं काहीच नसेल तर मग शिरा. पायातलं रक्त वर चढवायला पोटरीचे स्नायू पंपाचं काम करतात आणि शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. वर्षानुवर्षं उभं राहून काम, शिक्षक, पोलीस, कंडक्टर, स्वयंपाकी, सलूनवाले, यांच्या झडपा सैल होतात, निळ्या गाठीगाठीच्या शिरा दिसतात, मग घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी तपकिरी पडते, खाजते, आणि तिथे न भरणारी जखम होते. तपकिरी डाग दिसला तेव्हाच या, जखम झाल्यावर नको. आणि ज्या आजी-आजोबांना दिवसभर खुर्चीत बसवलेलं असतं, रात्रीही दम्यामुळे किंवा सवयीने बसूनच झोपतात, त्यांचे पाय तर नुसत्या लटकत्या राहण्यानेच सुजतात.

आता एका पायाची गोष्ट. पोटरी अचानक सुजली, ताठ झाली, दुखते, कोमट लागते, आणि मागच्या काही आठवड्यांत ऑपरेशन, प्लास्टर, बाळंतपण, अंथरुणावर पडून राहणं, किंवा चार तासांपेक्षा लांबचा एका जागी बसून केलेला प्रवास झालाय, तर खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल असं धरून त्याच दिवशी कलर डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, करायचा. कॅन्सरच्या पेशंटमध्ये आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांमध्येही हे लक्षात ठेवायचं. घरात शिंप्याची टेप असेल तर गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजा, तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर आम्ही ते गंभीर धरतो. मागच्या वर्षी मुलाकडे अमेरिकेला जाऊन आलेले एक काका आले, विमानातून उतरल्यावर डावी पोटरी दुखायला लागली, घरच्यांनी चार दिवस महानारायण तेलाने चोळली. चोळू नका. गुठळी सुटून फुफ्फुसात गेली की छातीत कळ, धाप, आणि कधीकधी पेशंट दवाखान्यापर्यंत पोचत नाही. काका वाचले, सहा महिने रक्त पातळ करायची गोळी घेतली. तुम्ही आईंना कधी परदेशात नेणार असाल तर विमानात दर तासाला उठवा, बसल्या जागी टाचा-चवडे वरखाली करायला सांगा.

आमच्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये एका पायाच्या सुजेचं चित्र वेगळं असतं. रोवणीला बाया आठ-आठ तास बांधीतल्या चिखलात उभ्या, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, त्या भेगेतून जंतू आत जातात आणि दोन दिवसांत पाय लाल, गरम, चकचकीत, थंडी वाजून ताप. हे सेल्युलायटिस, याला अँटिबायोटिक लागतं, आणि सोबत चिखल्यांवर बुरशीचं मलमही लागतं नाहीतर पुढच्या पावसाळ्यात परत तेच. ज्याला शुगर आहे त्याने तर रात्र काढूच नये. लालीच्या कडेला बॉलपेनने रेघ मारून ठेवा, चार-सहा तासांत लाली रेघेबाहेर गेली तर ॲडमिटच. आणि शेतात काहीतरी टोचलं, तासाभरात सूज वर चढत चालली, दोन बारीक खुणा दिसतायत की नाही याचा घोळ घालत बसू नका, घोणस चावलेली असू शकते, काचणारी दोरी बांधू नका, पाय न हलवता सरळ सरकारी दवाखान्यात न्या, तिथे सर्पदंशाचं इंजेक्शन असतं.

असा ताप आणि लाल पाय वर्षातून तीन-चारदा येतोय, जांघेत अवधाण (दुखरी गाठ) उठतं, आणि प्रत्येक वेळी सूज थोडी मागे राहते, तर हत्तीरोग डोक्यात आणा. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली इथे हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. क्युलेक्स डास गटाराच्या घाण पाण्यात वाढतो, त्याच्या चावण्यातून जंतू अंगात येतात आणि रसवाहिन्यांत वर्षानुवर्षं राहतात. जंतूंची पिल्लं रात्री रक्तात येतात म्हणून रक्ताचा नमुना रात्री आठ-साडेआठनंतर घेतात, लोकांना वाटतं कर्मचारी अवेळी येऊन त्रास देतात, पण कारण हे आहे. दारावर डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या, काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिनच्याही, गोळ्या देतात त्या पेपरात गुंडाळून फडताळात ठेवू नका, जेवून त्यांच्यासमोरच घ्या. पाय आधीच मोठा झालाय त्यांनाही सांगतो, पाय पहिल्यासारखा होणार नाही पण आणखी वाढू नये हे आपल्या हातात आहे. रोज साबण-पाण्याने हलक्या हाताने धुवायचा, प्रत्येक बेचकं सुती कापडाने कोरडं करायचं, रात्री पायाखाली उशी. माझी एक पेशंट गेली अकरा वर्षं हे न चुकता करते, आधी दर दोन महिन्यांनी तापाने पडायची, आता वर्ष वर्ष ताप येत नाही.

शुगरवाल्यांसाठी एक गोष्ट आवर्जून. बरीच वर्षं शुगर आहे, एक पाऊल अचानक सुजलं, लाल आणि गरम आहे, पण दुखत नाही किंवा सुजेच्या मानाने फारच कमी दुखतं. जखम कुठेच नाही, ताप नाही, एक्स-रे नॉर्मल. माणूस म्हणतो दुखत नाही म्हणजे किरकोळ आहे, आणि चालत राहतो. नसा बधिर झाल्यामुळे दुखत नाही, आत हाडं आणि सांधे खचायला लागलेले असतात, याला शार्को फूट म्हणतात, आणि सुरुवातीच्या एक्स-रेत दिसत नाही. दोन्ही पावलांवर हाताची मागची बाजू ठेवून बघा, सुजलेलं पाऊल स्पष्ट गरम लागतं. याला लगेच प्लास्टर करून पायावरचा भार काढावा लागतो, उशीर झाला की तळव्याची कमान कोसळते आणि पुढे जखमा, मग पाय कापायची वेळ.

गरोदर बाईचे पाय शेवटच्या महिन्यांत सुजतातच, पण त्यासोबत डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली पोटात दुखतंय, किंवा बीपी १४०/९० च्या वर आहे तर त्याच क्षणी दवाखाना, आणि हे बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांतही होऊ शकतं. आणि सहा महिने ते दोन वर्षांचं बाळ, हातापायाचे पंजे सुजलेत, हात लावू देत नाही, सारखं रडतं, तर मार लागला असेल म्हणून सोडू नका, सिकलसेलची ही पहिली खूण असू शकते. आमच्याकडे हा आजार भरपूर आहे, सरकारी केंद्रात तपासणी होते.

घरच्या उपायांत सगळ्यात कामाचं म्हणजे दुपारी आणि संध्याकाळी अर्धा-अर्धा तास आडवं होऊन पाय छातीपेक्षा वर ठेवणं, खुर्चीपुढे स्टुलावर ठेवले तर ते पुरेसे वर जात नाहीत. मात्र हार्टचा दम असेल तर हे करू नका. मीठ दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण, ठेचा सगळं आलं. सैंधव घेतलं तरी ते मीठच आहे. "लो सोडियम" मिठात पोटॅशियम असतं, किडनी कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर ते जिवावर बेतू शकतं, विचारल्याशिवाय आणू नका. पुनर्नवाचा काढा वगैरे वैद्यांना विचारून घेत असाल तर मला सांगा, पण तपासण्या त्यासाठी थांबवू नका. घट्ट मोजे चांगले, शिरांच्या सुजेत तर फारच, पण आधी पावलावरची नाडी लागते का ते तपासून घ्या, रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाला घट्ट मोज्याने इजा होते. मोजे सकाळी बिछान्यातून उतरायच्या आधी चढवायचे. शुगरवाल्यांनी गरम पाण्यात पाय बुडवून बसायचं नाही, चटका कळत नाही, फोड आलेले मी फार बघितलेत.

आईंच्या तपासण्या म्हणाल तर क्षार आणि क्रिएटिनिन उद्याच, सोबत लघवी, हिमोग्लोबिन, लिव्हर आणि अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन), शुगर, टीएसएच (थायरॉइड), ईसीजी. दम असेल किंवा ईसीजीत काही असेल तर टू-डी इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी. हे सगळं तालुक्याला होतं, त्यासाठी त्यांना तुमच्याकडे पुण्याला बोलावायची गरज नाही. तुम्ही फोनवरून एवढं विचारा की गुडघ्याची किंवा दुसरी कुठली गोळी, पुडी चालू आहे का, आई विचारल्याशिवाय सांगणार नाहीत. गोळी बदलल्यावर दहा-पंधरा दिवस रोज संध्याकाळी त्याच वेळेला घोट्याच्या वर त्याच जागी टेपने माप घेऊन भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहायला सांगा, तारखेच्या चौकटीत एक आकडा, उजवा-डावा. पंधरा दिवसांत आकडा उतरला नाही तर कारण गोळीचं नव्हतं किंवा एकटं तेच नव्हतं, मग ते कॅलेंडरचं पान आणि सगळे रिपोर्ट घेऊन फिजिशियनकडे जा.